कमांडच्या तोंडचा आकडा

शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आकडा नावाची वस्तूच नाही. जे काही आहे तो मजकूर. डब्ल्यूसी ही कमांड फाइलमधल्या ओळी मोजते आणि ४१२ असं पडद्यावर टाकते, तेव्हा तिनं आपल्या हाती संख्या दिलेली नसते. चार, एक आणि दोन अशी तीन चिन्हं ओळीनं लिहून दिलेली असतात. त्यांची संख्या होते ती नंतर, दुहेरी कंसात शिरल्यावर. $(…) म्हणजे आतली कमांड चालव आणि ती जे बोलेल ते इथे आणून ठेव. $((…)) म्हणजे आत जे लिहिलंय ते गणित समजून सोडव. पहिला दुसऱ्याच्या पोटात बसवला की कमांडचं बोलणं थेट हिशेबात उतरतं. लिहायला अर्धी ओळसुद्धा लागत नाही. पण त्या अर्ध्या ओळीत आपण दोन गोष्टी न विचारता मान्य केलेल्या असतात: समोरून आलेला मजकूर संख्याच आहे, आणि आपल्याला हवी होती तीच संख्या आहे. याची हमी शेल देत नाही. ती हमी स्क्रिप्ट, म्हणजे शेलसाठीची कमांडची यादी, लिहिणाऱ्यानं द्यायची असते, आणि ती देणं हा मला या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला एक जुनं मराठी वाचनालय आहे. तिथल्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची देखभाल मी करतो. दिवसभरात किती पुस्तकं गेली, किती परत आली, कोणाचा किती दंड झाला, रोख किती जमली, याचा गोषवारा रात्री एक शेल स्क्रिप्ट काढते. सकाळी ग्रंथपाल ताई तो छापून फायलीला लावतात आणि पेन्सिलीनं दोन-चार ओळींचा ताळा करून बघतात. संगणकानं केलेल्या बेरजेचा ताळा कशाला, असं तिथे येणारा एखादा तरुण विचारतो. मला ताईंची ही सवय फार मोलाची वाटते. संगणक बेरीज चुकत नाही हे खरं. पण बेरजेला जे घेतलं ते काय होतं, हे त्याला कुठे माहीत असतं?

शेलमध्ये सगळा मजकूरच का, याचं कारण लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्स या प्रणालीच्या जडणघडणीत आहे. बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेत डग मॅकइलरॉय यांचा आग्रह होता की एका प्रोग्रामचं बोलणं सरळ दुसऱ्याच्या कानात जावं. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी पाइप युनिक्समध्ये आणला तो या आग्रहापायी. एकमेकांची ओळखदेख नसलेले प्रोग्राम एकत्र काम करायचे तर त्यांना एक सामाईक भाषा हवी, आणि ती ठरली साधा मजकूर. ही कल्पना इतकी सशक्त होती की पन्नास वर्षांनंतरही आपण तिच्यावर उभे आहोत. पण त्यासाठी एक किंमत मोजावी लागली. पाठवणाऱ्यानं काय म्हणून पाठवलं, ही माहिती वाटेत गळून जाते. घेणाऱ्यानं ती आपल्या अकलेनं भरून काढायची.

१९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला. त्या शेलला गणित येतच नव्हतं. बेरीज हवी तर एक्सपर नावाचा वेगळा प्रोग्राम बोलवायचा, त्याला पाच, अधिक, तीन असे सुटेसुटे शब्द द्यायचे, मध्ये जागा सोडायला विसरायचं नाही, आणि गुणाकाराच्या फुलीआधी उलटी तिरकी रेघ द्यायची. नाहीतर शेल त्या फुलीच्या जागी फोल्डरमधल्या सगळ्या फायलींची नावं ओतायचा. दर बेरजेला एक नवी प्रक्रिया जन्माला यायची आणि मरायची. पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या शेलनं गणित घरात आणलं, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश हा शेल आला, १९९२ च्या पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या प्रमाणानं दुहेरी कंसाची रीत पक्की केली. एक्सपरच्या काळात गणित करणं कष्टाचं होतं, त्यामुळे माणूस थोडा थांबायचा. आता ते इतकं सोपं आहे की थांबायचं कारणच उरलेलं नाही.

पैशांपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपल्या देशाची खास अडचण आहे. वाचनालयाच्या ठेवींचा तक्ता स्प्रेडशीटमधून येतो आणि त्यात रक्कम इंग्रजी अंकांत पण आपल्या रीतीनं लिहिलेली असते: २,४८,०५०. दोन लाख अठ्ठेचाळीस हजार पन्नास. हा मजकूर जसाच्या तसा बॅशच्या दुहेरी कंसात गेला तर उत्तर येतं ४०. चूक दाखवणारी ओळ नाही, इशारा नाही, नुसते चाळीस. मी हे मुद्दाम करून पाहिलं आणि नंतर कागदावर उलगडलं. बॅशचं गणित सी या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नियमांनी चालतं, आणि सीमध्ये स्वल्पविराम ही एक क्रिया आहे: डावीकडचं सोडवा, टाकून द्या, उजवीकडचं ठेवा. म्हणून २ गेले, ४८ गेले, उरले ०५०. ज्या संख्येच्या आधी शून्य आहे ती अष्टमान पद्धतीतली, म्हणजे शून्य ते सात या आठच अंकांची, असाही सीचा नियम आहे. अष्टमानातले पन्नास म्हणजे आपले चाळीस. दोन्ही नियम आपापल्या जागी शंभर टक्के बरोबर, आणि दोघांनी मिळून वाचनालयाची ठेव बुडवली.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. याच मजकुराच्या मागे अधिक शंभर लिहिलं तर उत्तर १४० येतं. शंभर अधिक असं पुढे लिहिलं तर ते शंभर दोनला जाऊन चिकटतात, दोनबरोबर फेकले जातात, आणि उत्तर पुन्हा ४० येतं. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं, हे आपण दुसरी-तिसरीत शिकलो. इथे तो नियम मोडलेला दिसतो, पण खरं तर मोडलेला नाही. आपण ज्याला संख्या म्हणून आत पाठवलं ती संख्या नव्हती, ते एक छोटं समीकरण होतं, एवढंच.

सीला हा आधीच्या शून्याचा नियम बी या भाषेकडून मिळाला, आणि बी घडली ती पीडीपी-७ या यंत्रावर. त्या यंत्राचा शब्द, म्हणजे एका वेळी हाताळायच्या शून्य-एकांचा गठ्ठा, १८ बिटांचा होता. तीन-तीन बिटांचे गट पाडले की बरोबर सहा अष्टमान अंक, काही उरत नाही. ते यंत्र आता संग्रहालयात आहे, आणि त्याच्या सोयीसाठी केलेला नियम बडोद्यातल्या एका वाचनालयाच्या दंडाच्या हिशेबात अजून जिवंत आहे. याचा मला राग येत नाही. इतक्या लांबचं काहीतरी आपल्या टेबलावर येऊन पोचतं, याचं नवलच वाटतं.

डेट ही कमांड महिना दोन अंकी देते: जानेवारी ०१, फेब्रुवारी ०२. सातपर्यंत अष्टमान आणि दशमान एकच असल्यानं सात महिने काही बिघडत नाही. ऑगस्ट उजाडला की ०८ येतं, अष्टमानात आठ हा अंकच नाही, आणि स्क्रिप्ट थांबते. सप्टेंबरातही तेच. ऑक्टोबरला १० येतं, पुढे शून्य नाही, सगळं पुन्हा सुरळीत. म्हणजे बडोद्यात गणपतीचे मांडव पडायच्या सुमाराला बिघडणारी आणि नवरात्र उलटेपर्यंत आपोआप बरी होणारी स्क्रिप्ट. ज्यांना कारण ठाऊक नाही ते दरवर्षी दोन महिने हैराण होतात आणि मग विसरून जातात.

तरी हे भाग्याचं, कारण इथे स्क्रिप्ट ओरडते तरी. डेटकडून वर्षातला कितवा दिवस हे मागितलं तर उत्तर तीन अंकी येतं, ००१ पासून. १० जानेवारीला ०१० येतं आणि शेल त्याला मुकाट्यानं आठ समजतो. १२ जानेवारीचे दहा होतात. १८ ला मात्र ओरडतो. काही दिवस चुकीचं उत्तर, काही दिवस बंद, ८-९ एप्रिलपर्यंत कधी हे कधी ते. मुकाट चूक ही बोलक्या चुकीपेक्षा किती वाईट असते, हे या एका कमांडवरून समजावता येतं. उपाय सोपा आहे: संख्येच्या आधी १०# लिहायचं, म्हणजे बॅशला सांगायचं की बाबा, हे दशमानच आहे. किंवा लिनक्सवर असणाऱ्या जीएनयूच्या डेटमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे एक आडवी रेघ द्यायची, म्हणजे ती शून्य जोडतच नाही. मला पहिला उपाय जास्त पटतो, कारण त्यात आपलं म्हणणं हिशेबाच्याच ओळीत लिहिलेलं राहतं आणि पुढचा माणूस ते वाचतो.

पण सभासद क्रमांक ०१२५ चं काय? त्याचे ८५ होऊ नयेत म्हणून १०# लावायचं का? इथे थांबून विचार करावा लागतो. सभासद क्रमांकाची कोणी कधी बेरीज केलीय का? तो अंकांनी लिहिलेला आहे इतकंच. कामानं ते नाव आहे. हा फरक समजायला बडोद्याइतकं चांगलं गाव नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालांना इथे बोलावलं. राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं राहिलं, आणि बोर्डेन यांनी बडोद्याच्या ग्रंथालयांसाठी वर्गीकरणाची स्वतंत्र पद्धत आखून दिली. पुस्तकाच्या पाठीवर जे अंक येतात तो त्या पुस्तकाचा पत्ता असतो. ड्युई यांच्या पुस्तक-वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे, त्यात एक मिळवून काही सिद्ध होत नाही. शेलला मात्र पत्ता आणि परिमाण यातला फरक दिसत नाही, दोन्ही अंकच. म्हणून सभासद क्रमांक मी दुहेरी कंसाच्या आसपासही फिरकू देत नाही. तुलना करायची तर मजकूर म्हणून करायची.

आमच्या नोंदींमध्ये आणखी एक गुंता आहे, आणि तो अस्सल बडोद्याचा आहे. काउंटरवर बसणारी मंडळी तीन प्रकारची. वयानं मोठे काका मराठी कीबोर्ड लावून टाइप करतात, त्यांचे आकडे देवनागरी. संध्याकाळी येणारी कॉलेजची मुलं घरी मराठी बोलतात पण शिकली गुजराती माध्यमात, त्यांचा कीबोर्ड गुजराती. ताई स्वतः इंग्रजी आकडे वापरतात. एका फाइलीत एकाच रकान्यात तिन्ही. गुजराती दोन आणि देवनागरी दोन पडद्यावर शेजारी ठेवले तर चष्मा लावूनही फरक सांगता येऊ नये, पण युनिकोड या संगणकाच्या चिन्हसूचीत ती वेगळी चिन्हं आहेत. शेलच्या गणिताला यांतले फक्त इंग्रजी आकडे कळतात. देवनागरी आठ अधिक एक असं दिलं की तो चूक दाखवून थांबतो.

आकडे बदलून घ्यायला टीआर ही कमांड आधी आठवते, पण जीएनयूचं टीआर एकेका बाइटचा विचार करतं आणि युटीएफ-८ या मजकूर साठवायच्या रीतीत देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइटांचा असतो. त्याच्या हाती दिलं तर अंकाचे तुकडे होतात. सेड ही मजकूर बदलणारी कमांड मात्र, लोकेल (भाषा आणि लिपीची मांडणी) युटीएफ-८ असेल तर, एका चिन्हाच्या जागी दुसरं असं नीट बदलून देतं. एक ओळ देवनागरीसाठी, एक गुजरातीसाठी. कोणालाही कीबोर्ड बदलायला सांगावं लागलं नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. ज्या काकांनी आयुष्यभर देवनागरी आकड्यांत हिशेब लिहिले त्यांनी आता शेलच्या सोयीसाठी सवय बदलावी, ही अपेक्षाच मला उलटी वाटते.

मोजण्याचा प्रश्न इथेच आणखी खोल जातो. ‘बडोदा’ हा शब्द, शेवटी नवी ओळ न जोडता, डब्ल्यूसीला दिला आणि बाइट मोजायला सांगितले तर उत्तर १५. चिन्हं मोजायला सांगितली तर ५, कारण ओकार आणि काना वेगवेगळे मोजले जातात. वाचणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, तीन अक्षरं. तिन्ही उत्तरं खरी आहेत. पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीत किती मावेल याचा हिशेब करायचा असेल तर पहिली दोन काही कामाची नाहीत. कमांड खोटं बोलत नाही; तिला विचारलेला प्रश्न आपल्या मनातल्या प्रश्नापेक्षा वेगळा असू शकतो.

ओळींचंही तसंच. डब्ल्यूसी ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजते. शेवटच्या ओळीनंतर ती खूण नसेल तर एक नोंद कमी भरते. शिवाय फाइलचं नाव दिलं तर ती आकड्यापुढे नावही छापते, आणि गणितात ते नाव घुसतं. म्हणून फाइल < या बाणाच्या चिन्हानं आत ढकलायची. विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी आणखी एक अदृश्य चिन्ह असतं, आणि अशा फाइलीतून उचललेला आकडा डोळ्यांना निर्मळ दिसत असूनही बॅश तो नाकारतो.

दशांशाबद्दल थोडक्यात. बॅशला पूर्णांकच कळतात, सात भागिले दोन म्हणजे तीन. टक्केवारी काढताना आधी शंभरनं गुणायचं आणि मग भागायचं. आठपैकी तीनची टक्केवारी उलट क्रमानं शून्य येते, सुलट क्रमानं ३७. पैसे असतील तर सगळा हिशेब पैशांत ठेवायचा आणि छापताना रुपये करायचे. बीसी या गणित करणाऱ्या कमांडला दोन दशांशस्थळं मागून दोन भागिले तीन विचारलं तर ते .६६ सांगतं, .६७ नाही, कारण ते कापतं, जवळच्या अंकाला नेत नाही. दंडाचे दिवस काढताना दोन तारखांचे सेकंद घेऊन वजाबाकी करायची आणि ८६४०० नं भागायचं; आपल्याकडे घड्याळं मागेपुढे करायची पद्धत नसल्यानं हे सरळ जमतं. फक्त दोन्ही तारखांची मध्यरात्र धरायची. नाहीतर संध्याकाळी नेलेलं पुस्तक पंधरा दिवसांनी सकाळी आलं तर चौदाच दिवस भरतात.

आता तपासणीचं सांगतो. बाहेरून आलेला कुठलाही मजकूर दुहेरी कंसात जाण्याआधी मी त्याला एकच प्रश्न विचारतो: तू रिकामा आहेस का, किंवा तुझ्यात शून्य ते नऊ या इंग्रजी अंकांखेरीज काही आहे का? असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि तो मजकूर जसाच्या तसा छापते. शेलमधलं केस हे वाक्य वापरून ही तपासणी एका ओळीत होते. यामागे नुसती टापटीप नाही. बॅशच्या गणितात एखादा इंग्रजी शब्द आला तर तो चलाचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नाव समजला जातो, आणि त्या नावाचं चल नसेल तर किंमत शून्य धरली जाते. रकान्यात कोणी इंग्रजीत ‘निल’ लिहिलं तर शून्य. ‘पेड’ लिहिलं तरी शून्य. आणि मजकुरात चौकोनी कंस असून त्यात दुसरी कमांड लिहिलेली असेल, तर किंमत शोधताना बॅश ती कमांड चालवतं. ज्या रकान्यात कोणीही काहीही टाइप करू शकतो, तिथलं लिखाण न तपासता गणितात सोडणं म्हणजे काउंटरवरच्या अनोळखी माणसाला संगणकाचा पासवर्ड देणं आहे.

कॉलेजातला एक मुलगा हे काम शिकायला येतो. त्यानं विचारलं, “काका, हे सगळं पायथनमध्ये लिहिलं तर?” मी म्हटलं, “लिही की. पण ग्रेपनं काय सांगितलं आणि कुठल्या परिस्थितीत सांगितलं, हे तिथेही तुलाच बघावं लागेल.” मग त्याला ग्रेपची, म्हणजे फाइलीत मजकूर शोधणाऱ्या कमांडची, गोष्ट दाखवली. ग्रेपला जुळणाऱ्या ओळी मोजायला सांगितलं आणि एकही नसली, तर ते ० छापतं आणि वर अपयशाचा संकेतही देतं. पुष्कळ जण काळजीपोटी पुढे लिहितात, अपयश आलं तर ० छाप. मग दोन शून्यं येतात, दोन ओळींत, आणि गणित मोडतं. त्यानं ते स्वतः चालवलं, पडद्याकडे थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, “म्हणजे शून्य सापडणं हे अपयश नाही, काका.” मी त्याला काही सांगायची गरजच उरली नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सतावतं ते शून्यच. वाचनालय बंद असेल त्या दिवशी देवघेव शून्य. पण ज्या पेन ड्राइव्हवरून काउंटरची फाइल येते तो नीट लागला नसेल, तर फाइल उघडत नाही, पाइपमधल्या पहिल्या कमांडला सांगायला काही नसतं, शेवटची डब्ल्यूसी रिकाम्या हातांनी मोजते आणि इमानदारीनं ० सांगते. पाइपचा एकंदर निकाल शेवटच्या कमांडवर ठरतो, म्हणून सगळं यशस्वी. गोषवाऱ्यात दोन्ही शून्यं सारखीच दिसतात, ताळाही दोघांचा जुळतो. बॅशमध्ये पाइपफेल हा पर्याय लावला की मधली कमांड पडली तरी अपयश वर येतं, आणि मोजणीआधी फाइल वाचता येते का हे वेगळं विचारून घेता येतं. आमच्या स्क्रिप्टमध्ये आता दोन्ही आहेत. फाइल नसेल तर देवघेवीच्या रकान्यात आकडा येतच नाही, ‘फाइल उघडली नाही’ असं येतं, आणि ताई त्या दिवसाची बेरीज काउंटरच्या वहीवरून हातानं करून रकान्यात शाईनं लिहितात.